नाव्हाहोंची चांदी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात राहणाऱ्या नाव्हाहो लोकांच्या चांदीच्या दागिन्यांची कीर्ती आज दूरवर पसरली आहे. जाड पाटल्या, चंद्रकोरीचे पदक लोंबणारे कंठहार, कमरेला शोभणारे रुंद चकत्यांचे पट्टे आणि या सर्वांत बसविलेले आकाशाच्या रंगाचे पेरोज खडे पाहिले, म्हणजे ही कला त्या लोकांत हजारो वर्षांपासून चालत आली असावी, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. नाव्हाहोंच्या पहिल्या कारागिराने धातूवर हातोडा उचलला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. त्यांनी स्वतः खाणीतून चांदी काढली नाही; ती त्यांच्या हाती आली परक्यांच्या नाण्यांच्या रूपाने. हत्यारे परक्यांची, नमुने बव्हंशी परक्यांचे आणि धातूही परक्यांचा. असे असूनही त्यातून जे निर्माण झाले ते निःसंशय नाव्हाहोंचे झाले. हे घडले कसे आणि पुढे त्याच कलेची नक्कल करून तिच्याच धन्याला बाजारातून हुसकावण्याचे प्रयत्न कसे झाले, ही हकीगत विचार करण्याजोगी आहे.

नाव्हाहो स्वतःला 'दिने' म्हणवितात. त्या शब्दाचा अर्थ 'लोक' असा आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत मिळून त्यांचा सुमारे २७,००० चौरस मैलांचा प्रदेश आहे. तांबड्या खडकांचा, कमी पावसाचा, उन्हाळ्यात तापणारा आणि हिवाळ्यात गोठणारा असा हा मुलूख. मका पिकवावा, मेंढरे राखावीत आणि चाऱ्यापाण्याच्या शोधात कळपामागून हिंडावे, असे त्यांचे जुने जीवन होते. मेंढरे व घोडे त्यांच्याकडे आले स्पॅनिश लोकांमुळे. लोकर विणण्याची विद्या त्यांनी शेजारच्या प्वेब्लो लोकांकडून उचलली. दुसऱ्याची चांगली गोष्ट घ्यावी आणि ती आपल्या हाताने अशी वळवावी की तिचे मूळ घर कोणाच्या ध्यानी येऊ नये, हा या लोकांचा गुणच म्हणावा लागेल. चांदीच्या बाबतीतही तेच झाले.

परंपरेने पहिल्या कारागिराचा मान ज्यास दिला जातो, त्याचे नाव अत्सिडी सानी. 'अत्सिडी' म्हणजे ठोकणारा आणि 'सानी' म्हणजे म्हातारा. आपल्याकडे लोहार निराळा आणि सोनार निराळा. त्यांच्या भाषेत मात्र ऐरणीवर धातू ठोकणाऱ्या दोघांनाही एकच शब्द. अत्सिडी सानीने एका मेक्सिकन लोहाराच्या सहवासात लोखंडाचे काम शिकून घेतले. घोड्याच्या तोंडात द्यावयाची लगामाची लोखंडे आपल्या लोकांना मेक्सिकनांकडून विकत घ्यावी लागतात, ती आपणच घडविली तर चार पैसे आपल्याच घरात राहतील, असा त्याचा साधा व्यावहारिक हिशेब होता. प्रथम लोखंड, मग तांबे-पितळ आणि शेवटी चांदी, अशी ही पायरी होती. पुढे त्याने ही विद्या आपल्या मुलांनाही दिली.

परंतु ही कला रुजण्याच्या सुमारासच त्या लोकांवर मोठे संकट कोसळले. १८६३ मध्ये अमेरिकन सैन्याने किट कार्सन याच्या नेतृत्वाखाली नाव्हाहोंविरुद्ध मोहीम उघडली. उभी पिके जाळली गेली, कळप मारले गेले, फळझाडांवर कुऱ्हाड चालली. उपासमारीने हतबल झालेल्या लोकांना १८६४ साली ३०० मैलांहून अधिक अंतर पायी चालवीत पेकोस नदीकाठच्या बोस्के रेडोंडो येथील छावणीत नेण्यात आले. हाच तो नाव्हाहोंच्या इतिहासातील 'लांबचा प्रवास'. ८,००० हून अधिक माणसे तेथे चार वर्षे अडकून पडली. पाणी खारट, पिके किडीने खाल्लेली, जळणाला लाकूड नाही. रोगराईने आणि उपासाने शेकडो माणसे दगावली.

त्या छावणीतील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. शिधा वाटण्यासाठी लष्कराने प्रथम पुठ्ठ्याची तिकिटे काढली. नाव्हाहोंनी हुबेहूब तशीच तिकिटे तयार केली. तेव्हा अधिकाऱ्यांनी धातूच्या, ठसा उठविलेल्या चकत्या काढल्या. थोड्याच दिवसांत तशाच बनावट चकत्याही फिरू लागल्या. अखेर नक्कल करण्यास अवघड अशा नक्षीच्या चकत्या खास बनवून मागवाव्या लागल्या. भुकेल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून चाललेली ही लबाडी होती. तिला कोणते नाव द्यावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, धातू कापणे, ठसा कोरणे आणि तो नेमका उठविणे ही कामे त्या वेळी काही नाव्हाहोंच्या हातात पुरती बसली होती.

१ जून १८६८ रोजी तह झाला आणि हे लोक आपल्या मुलखात परतले. एखाद्या समाजाला त्याच्या स्वतःच्या भूमीत परत जाऊ देणारा असा तह अमेरिकेच्या इतिहासात विरळाच. तहान्वये सरकारने १५,००० शेळ्यामेंढ्या देण्याचे कबूल केले. उद्ध्वस्त संसार पुन्हा उभे राहू लागले आणि चांदीचे काम खऱ्या अर्थाने फोफावले ते याच काळात.

धातू कोठून मिळे? व्यापाऱ्याकडे लोकर विकली की हाती येई ते अमेरिकन रुप्याचे डॉलर. एका डॉलरचे वजन सुमारे सव्वादोन तोळे आणि त्यात शेकडा ९० भाग चांदी. ही नाणी मुशीत जात. १८९० च्या सुमारास सरकारने आपली नाणी आटविण्यास कडक मनाई केली, तेव्हा कारागिरांनी मेक्सिकोचे पेसो वापरावयास घेतले. १९३० मध्ये मेक्सिकोनेही नाणी देशाबाहेर जाऊ देण्याचे बंद केले आणि मग व्यापाऱ्यांकडून मिळणारे चांदीचे चौकोनी तुकडे आणि तयार पत्रे आले. त्यांत चांदीचे प्रमाण शेकडा ९२॥ असे. लहान नाण्यांना मागे कडी लावली की त्यांचीच बटणे होत. नाव्हाहो आपल्या सदऱ्यावर अशा बटणांच्या रांगा शिवीत आणि पैशांची गरज पडली की दुकानात एखादे बटण तोडून देत. हैदराबादकडील व कर्नाटकातील लमाणी स्त्रियांच्या अंगावरील नाण्यांच्या माळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नाणे आणि दागिना यांचे हे नाते नवे वाटणार नाही.

या कारागिरांचे काम प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवणारा पहिला अभ्यासक म्हणजे लष्करी शल्यवैद्य वॉशिंग्टन मॅथ्यूज. फोर्ट विंगेट येथे असताना त्याने दोन कारागिरांना आपल्याजवळ बसवून काम करावयास लावले, बारकाईने ते पाहिले आणि त्याचा वृत्तांत १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सामग्री वाचून आश्चर्य वाटते. भट्टी म्हणजे लाकडाच्या चौकटीत थापलेली माती. भाता म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. ऐरण म्हणून मोडक्या गाडीचा बोल्ट किंवा हाती येईल तो लोखंडाचा तुकडा. मूस हाताने वळून भाजलेल्या मातीची; ती नसेल तर जुन्या मडक्याची खापरी. कोळसा तेथल्याच जुनिपर झाडाचा, कारागिराने स्वतः पाडलेला. कातर, सांडस, कानस, हातोडी व आरी ही बहुधा व्यापाऱ्याकडून आणलेली. एवढ्या साहित्यावर, जमिनीवर बसून, हे कारागीर काम करीत.

त्यांच्या कामाचे प्रमुख प्रकार दोन: घडाई आणि ओतकाम. घडाईत नाणी आटवून रस एका उघड्या साच्यात ओततात आणि त्याची कांब तयार होते. ही कांब ऐरणीवर ठोकून पत्रा करावयाचा. पण चांदीचा एक स्वभाव आहे. ती जसजशी ठोकावी तसतशी ताठर होत जाते. हट्टाने ठोकीतच राहिले तर तिला चिरा पडतात. म्हणून मधून मधून तिला आच देऊन नरम करावे लागते. किती ठोकावे आणि केव्हा थांबावे, हे तिच्या रंगावरून आणि हातोडीच्या आवाजावरून ओळखणे हेच कारागिराचे शिक्षण. तयार पत्रा घासावयाचा तो वाळूच्या दगडाने आणि राखेने. काळवंडलेली चांदी उजळण्यासाठी खनिज मीठ व तुरटीच्या जातीची एक माती पाण्यात उकळून वापरीत.

ओतकामाची रीत याहून निराळी. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड किंवा वाळूचा दगड घेऊन त्याचे दोन सपाट तुकडे एकमेकांवर नेमके बसतील असे घासावयाचे. एकात दागिन्याचा आकार उलटा कोरावयाचा, रस आत जाण्यासाठी एक वाट आणि हवा बाहेर पडण्यासाठी केसासारख्या बारीक रेघा ठेवावयाच्या. चांदी दगडाला चिकटू नये म्हणून कोरलेल्या भागावर धुराची काजळी धरावयाची किंवा चरबी लावावयाची. मग दोन्ही तुकडे घट्ट बांधून वरून रस ओतावयाचा. हवेच्या वाटा चुकल्या तर रस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. ओतीव नग बाहेर निघतो तो ओबडधोबड व सपाट. कानशीने तासून, घासून, शेवटी वाकवून त्याची पाटली होते. मऊ दगडाचा साचा फार वेळा चालत नाही, म्हणून अशा कामात एकासारखा दुसरा नग सहसा मिळत नाही.

पोकळ मण्यांची कृती तर पाहण्यासारखी. नाणे ठोकून, त्याची गोल चकती कापून, ती लोखंडातील खळग्यावर ठेवावयाची आणि गोल टोकाच्या बोल्टाने ठोकून तिची वाटी करावयाची. प्रत्येक वाटीच्या तळाशी भोक पाडावयाचे. मग दोन दोन वाट्या तोंडाशी तोंड लावून एका तारेत ओवावयाच्या, सांध्यांवर टाकणखार व चांदीचा कीस यांचा ओला लेप द्यावयाचा आणि सारी माळ एकदम विस्तवात धरावयाची. एका आचेत सगळे सांधे झाळले जात. लहान कामासाठी पितळी फुंकणी असे आणि ज्योतीसाठी चरबीत भिजविलेली चिंध्यांची जाड वात. झाळण्याचे मिश्रण ते चांदीत पितळेची बारीक तार आटवून करीत. पितळ मिसळले की चांदी कमी आचेवर वितळते आणि मूळ नग शाबूत राहून सांधाच तेवढा जुळतो. टाकणखार आपल्या सोनारांच्या पेटीतही असतोच. हजारो मैलांवरच्या दोन कारागिरांना धातूने एकच धडा शिकविला म्हणावयाचे.

झाळण्याची ही युक्ती नीट साधण्यापूर्वीच्या वस्तूही ओळखू येतात. कमरपट्ट्याच्या चकत्यांना 'कोंचा' म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ शिंपला. अगदी जुन्या कोंचाच्या मध्यभागी पत्त्यांतील चौकटसारखी तिरपी खिडकी कापलेली असून तीत एक आडवी पट्टी सोडलेली असते. चामडे त्या पट्टीवरून ओवीत. मागच्या बाजूस कडी झाळता येऊ लागल्यावर खिडकीची गरज उरली नाही, मध्यभाग नक्षीला मोकळा झाला आणि पुढे तेथे खडाही येऊन बसला. तंत्रातील एक पाऊल पुढे पडले की रूप कसे पालटते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

नक्षीचेही तसेच. प्रथम कानस आणि छिन्नीने साध्या रेघा ओढीत. नंतर मेक्सिकन खोगीरवाल्यांचे चामड्यावर नक्षी उठविण्याचे ठसे पाहून नाव्हाहोंनी आपले ठसे बनविले. जुनी कानस किंवा पोलादाचा तुकडा घ्यावयाचा, त्याच्या टोकावर अर्धचंद्र, त्रिकोण, ठिपका असा एखादा आकार कोरावयाचा आणि तापवून पाण्यात बुडवून तो कठीण करावयाचा. दहापाच ठशांच्या फिरवाफिरवीतून कारागीर असंख्य आकृती उभ्या करतो. ठसे हे त्याचे धन. बापाकडून मुलाकडे जाणारे.

नमुन्यांचा प्रवास तर याहूनही लांबचा. कंठहारातील पाकळ्या फुललेल्या मण्याला व्यापाऱ्यांनी 'भोपळ्याचे फूल' असे नाव दिले. प्रत्यक्षात ती डाळिंबाची कळी आहे. स्पॅनिश व मेक्सिकन लोक आपल्या कपड्यांवर आणि घोड्याच्या साजावर चांदीच्या अशा कळ्या लावीत. हाराच्या मध्यावरील चंद्रकोरीला 'नाजा' म्हणतात. ती घोड्याच्या कपाळावर लगामाला टांगलेली असे आणि तिचे मूळ स्पेनमध्ये अनेक शतके राहिलेल्या मूर लोकांपर्यंत जाते. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली मूरांची चंद्रकोर स्पेनमार्गे मेक्सिकोत आली आणि तेथून नाव्हाहो घोडेस्वाराच्या लगामावरून त्याच्या पत्नीच्या गळ्यात उतरली. तिचा मूळ अर्थ वाटेत गळून पडला. डौल तेवढा राहिला.

पेरोजाची गोष्ट मात्र उलट आहे. चांदी परकी, पण हा खडा घरचा. त्या लोकांच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेकडील पर्वत पेरोजाचा मानला जातो. धार्मिक विधींत आणि रक्षणाच्या कल्पनेत या निळ्या खड्याला चांदीच्या कितीतरी आधीपासून स्थान आहे. तो चांदीत बसविण्याचे काम सुमारे १८८० च्या आसपास सुरू झाले. याचा मान अत्सिडी चोन या कारागिराला दिला जातो. त्यानेच झुनी लोकांतील लान्याडे यास चांदीचे काम शिकविले आणि पुढे लान्याडेने ते होपी लोकांत नेले. उसनी घेतलेली विद्या नाव्हाहोंनी अशी पुढच्या घरी पोचती केली. खड्याभोवती चांदीच्या पातळ पट्टीचे कोंदण करून तिची कड आत दाबून बसवितात. पेरोज हा तांबे व ॲल्युमिनियम यांचा जलयुक्त फॉस्फेट. तो फार कठीण नाही आणि तेलातुपाने हिरवट पडतो, म्हणून त्याला जपावे लागते.

हे सारे दागिने केवळ शोभेसाठी नव्हते. बँक नसलेल्या त्या मुलखात अंगावरची चांदी हीच पुंजी होती. हिवाळ्यात घरातले धान्य सरले की कमरपट्टा व्यापाऱ्याच्या दुकानी गहाण पडे. वसंतात लोकर किंवा शरदात कोकरे विकली की तो सुटे. एखाद्या समारंभासाठी गहाण दागिना दोन दिवस उसना देणारे व्यापारीही असत. अडीनडीला दागिना मोडणे वा गहाण टाकणे म्हणजे काय, हे मराठी घरांना सांगावयास नको. मुदत टळली तर तो दागिना परक्याच्या हाती जाई. आज मोठ्या संग्रहालयांतील कितीतरी सुंदर नग अशाच टळलेल्या मुदतींतून तेथे पोचले आहेत. काचेपलीकडची ती चांदी पाहताना, ती ज्या घरातून आली तेथील तो हिवाळा आठवावयास हवा.

रेल्वे आली आणि चित्र बदलले. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या मुलखालगत रेल्वे पोचली आणि प्रवाशांना आठवण म्हणून स्वस्त दागिने हवेसे झाले. १८९९ च्या सुमारास रेल्वेवर उपाहारगृहे चालविणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने हलक्या वजनाचे दागिने मागविण्यास सुरुवात केली. नाव्हाहो स्वतः वापरीत ते जाड, भारी. प्रवाशांसाठीचे पातळ, आणि त्यांवर बाण, विजेच्या रेघा अशा 'इंडियन' वाटणाऱ्या खुणा. यातून अनेक कुटुंबांना काम मिळाले. पण मागोमाग कारखानदारही आले. यंत्राने एका दाबात पाटली निघू लागली आणि तीही 'इंडियन' म्हणून विकली जाऊ लागली. हाताला दिवस लागे ते यंत्र क्षणात करी. मग हाताच्या दिवसाला मोल कोण देणार?

त्याच सुमारास, १९३३ पासून, जमिनीची धूप थांबविण्यासाठी सरकारने नाव्हाहोंचे कळप सक्तीने कमी केले. मेंढरांवर जगणाऱ्यांना चांदीची मिळकत अधिकच निकडीची झाली. १९३५ मध्ये इंडियन कला व हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले आणि पुढे अस्सल कामावर सरकारी छाप मारण्याची योजना आली. १९४१ मध्ये नाव्हाहोंचा स्वतःचा कारागीर संघ निघाला. अँब्रोज रोनहॉर्स या नाव्हाहो कारागिराने सांता फे येथील शाळेत विद्यार्थ्यांना जुन्या पद्धतीची भारदस्त घडाई शिकविली आणि या संघाचेही नेतृत्व केले. खडे कमी, चांदीची बाजू मोठी, रेषा स्वच्छ, हा त्याचा आग्रह होता. त्याच्या पुढच्या पिढीतील केनेथ बेगे याने त्याच साधेपणातून आधुनिक वळण घडविले.

नकलेचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९७० नंतरच्या दशकात या दागिन्यांची मागणी एकाएकी वाढली आणि परदेशी नकलाही वाढल्या. १९९० च्या कायद्याने, इंडियन कारागिराने न केलेली वस्तू त्याची म्हणून विकणे हा मोठा गुन्हा ठरविला. पहिल्याच अपराधासाठी व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत दंड वा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ साली न्यू मेक्सिकोतील एका व्यापाऱ्याला फिलिपिन्समध्ये बनविलेले दागिने अस्सल म्हणून विकल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली. या फसवणुकीत ग्राहकाचे पैसे जातात हे खरे. पण अधिक नुकसान होते ते त्या कारागिराचे, ज्याच्या दिवसभराच्या श्रमाची किंमत नकली नगाने पाडलेली असते.

येथे एक शंका कोणी घेईल. नाव्हाहोंनीच मेक्सिकनांकडून विद्या घेतली, मूरांची चंद्रकोर घेतली; मग त्यांची नक्कल इतरांनी केली तर बिघडले कोठे? उत्तर अवघड नाही. नाव्हाहोंनी जे घेतले ते शिकून घेतले. हात भाजले, साचे फुटले, तेव्हा ते त्यांचे झाले. आणि आपल्या पाटलीला त्यांनी मेक्सिकन पाटली म्हणून कधी विकले नाही. विद्या घेणे आणि नाव चोरणे यांत हाच फरक आहे.

आज तेथील कारागीर गॅसची ज्योत वापरतात, तयार पत्रा व तार विकत घेतात, आणि स्त्रियाही मोठ्या संख्येने या व्यवसायात आहेत. तरी मऊ दगडात साचा कोरून ओतकाम करणारे, स्वतःचे ठसे स्वतः घडविणारे हात अजून आहेत. नगाच्या मागे ते आपली खूण किंवा आद्याक्षरे उठवितात. अत्सिडी सानीच्या काळी अशा खुणेची गरज नव्हती. नग कोणाचा हे साऱ्या वस्तीला ठाऊक असे. आता घेणारा दूर असतो, करणाऱ्याला तो ओळखत नाही. म्हणून दागिना हाती घेताच तो उलटा करून ती लहानशी खूण पाहावी आणि ती कोणाची, हे विकणाऱ्यास विचारावे. खऱ्या व्यापाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.